गाठीत चांगल्या पेशीच जास्त, मग केमो कशाला?

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. त्याच्या मानेत गाठ आली. रात्री कपडे भिजतील इतका घाम यायचा आणि अंगाला विनाकारण खाज सुटायची. गाठ काढून तपासली तेव्हा हॉजकिन लिम्फोमा निघाला, ‘नोड्युलर स्क्लेरोसिस’ प्रकारचा. डॉक्टरांनी एबीव्हीडी नावाची केमो सुचवली आहे, पहिली तारीखही दिली आहे. पण बायॉप्सीच्या अहवालात कर्करोगाच्या पेशी ‘विरळ’ आहेत असं लिहिलंय. बाकी सगळ्या लिम्फोसाइट, इओसिनोफिल, मॅक्रोफेज अशा प्रतिकारपेशी आणि तंतुमय पट्टे. बाबा म्हणतात, ‘नव्वद टक्क्यांहून जास्त पेशी चांगल्या आहेत, तर एवढं जहाल औषध द्यायची घाई कशाला? दोन-तीन महिने थांबू, आधी प्रतिकारशक्ती वाढवू.’ मी इंटरनेटवर वाचलं, तर तिथे नेमकं उलटं. या आजूबाजूच्या आधार देणाऱ्या पेशीच कर्करोगाला पोसतात म्हणे. मग त्यांनाच मारणारं औषध का देत नाहीत? आमच्या डॉक्टरांनी तर या पेशींचं नावही काढलं नाही. परवा भावाने विचारलं, ‘ताई, माझंच शरीर माझ्यावर उलटलंय का गं?’ मला काही बोलता आलं नाही. बाबांचं ऐकावं, डॉक्टर बदलावेत, की केमो सुरू करावी?

उत्तर :

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याला तारीख लागलेली आहे. केमो ठरल्या दिवशी सुरू होऊ द्या. हॉजकिन लिम्फोमा हा बरा होणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे आणि तरुण वयात तर बहुसंख्य रुग्ण त्यातून पूर्ण बरे होतात. पण ते बरं होणं उपचारांमुळे असतं. उपचार न करता हा आजार दोन-तीन महिने आहे तिथेच थांबेल, असं समजायला काहीही आधार नाही. शंका विचारायच्या त्या जरूर विचारा, दुसरं मत घ्यायचं तेही घ्या, फक्त ते सगळं तारखेच्या आधी उरकेल असं बघा.

आता बाबांच्या हिशेबाकडे येते. त्यांना मी अजिबात दोष देत नाही. अहवालात ‘विरळ’ हा शब्द वाचून कुणाही बापाला थोडा धीर येईलच. अडचण अशी की हॉजकिनमध्ये कर्करोगाच्या पेशींची टक्केवारी आजाराची तीव्रता सांगत नाही. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, असे काप वाचणं हे माझं रोजचं काम. नोड्युलर स्क्लेरोसिसचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की आधी दिसतात ते गुलाबी रंगाचे जाड पट्टे. ते कोलॅजनचे, म्हणजे जखमेच्या व्रणात असतं त्याच द्रव्याचे. या पट्ट्यांनी गाठीचे छोटे-मोठे गोळे पाडलेले असतात. गोळ्यांच्या आत लहान, गडद निळ्या लिम्फोसाइटची दाटी असते आणि मधेमधे भडक नारिंगी कणांचे इओसिनोफिल विखुरलेले दिसतात. आपल्याला हवी असलेली पेशी लगेच सापडतेच असं नाही. काप इकडेतिकडे सरकवत जावं तेव्हा कुठेतरी एक खूप मोठी, फिकट पेशी दिसते. तिच्यात कधी दोन केंद्रकं समोरासमोर असतात आणि प्रत्येकात एक ठळक लालसर ठिपका. हीच रीड-स्टर्नबर्ग पेशी. हॉजकिनमध्ये गाठीतल्या एकूण पेशींपैकी साधारण एक टक्का, कधी त्याहून कमी, तर कधी पाच-दहा टक्के पेशी या जातीच्या असतात. तुमच्या भावाचा अहवाल त्यामुळे अपवादात्मक नाही, हा आजार असाच दिसतो.

या पेशी इतक्या थोड्या असतात की त्यांनी शास्त्रज्ञांनाही बराच काळ चकवलं. थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. त्यातली खास पेशी कार्ल स्टर्नबर्ग यांनी १८९८ मध्ये आणि डोरोथी रीड यांनी १९०२ मध्ये नीट वर्णन करून ठेवली. पण ती मुळात कोणत्या पेशीपासून बनते, हे ठरायला १९९० चं दशक उजाडलं. कापातून एकेक पेशी वेगळी उचलून तिची जनुकं तपासावी लागली, तेव्हा कळलं की ती वाट चुकलेली बी-लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या जातीची प्रतिकारपेशी आहे.

मग ही एक टक्का पेशी एवढी मोठी गाठ कशी उभी करते? ती सतत रासायनिक संदेश सोडत असते. सीसीएल१७ नावाचं एक द्रव्य ती इतकं बनवते की अनेक रुग्णांच्या रक्तातही त्याची पातळी वाढलेली सापडते. त्या संदेशामुळे टी-पेशी या दुसऱ्या लिम्फोसाइटच्या ठरावीक जाती ओढल्या जातात, त्यातही प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या टी-पेशी जास्त. दुसऱ्या काही संदेशांनी फायब्रोब्लास्ट जागे होतात. हे तंतू विणणारे आधारपेशींमधले मुख्य कामगार. ते कोलॅजनचे पट्टे घालत सुटतात आणि वर स्वतःही संदेश सोडून इओसिनोफिलना बोलावतात. जमलेल्या टी-पेशी रीड-स्टर्नबर्ग पेशीला अगदी खेटून, तिच्याभोवती कडं करून बसतात आणि तिला जगायला लागणारे इशारे देत राहतात. भावाचा रात्रीचा घाम आणि त्याची खाज हाही या सगळ्या रासायनिक देवाणघेवाणीचाच परिणाम आहे. म्हणजे ज्या ‘चांगल्या’ पेशींच्या संख्येवर बाबा भरवसा ठेवतायत, त्या तिथे आपणहून बचावाला आलेल्या नाहीत, बोलावल्यामुळे जमल्या आहेत. हे बाबांना सांगताना एवढं पुरे: गाठीतल्या बाकीच्या पेशी आजाराविरुद्ध लढत असत्या, तर गाठ वाढलीच नसती.

इथे तुम्हाला वाटेल की म्हणजे इंटरनेटवर वाचलेलंच खरं, या पेशी फितूर आहेत. मला ते पटत नाही. भावाला उत्तर देण्याआधी तुम्हीही या शब्दापाशी थोडं थांबावं.

निरोगी लसिकाग्रंथीत आधारपेशी काय करतात ते आधी बघा. ग्रंथीच्या आत जाळीदार फायब्रोब्लास्टचा एक सांगाडा असतो. वेलींसाठी मांडव घालावा तसा हा सांगाडा लिम्फोसाइटना वाट दाखवतो, त्याच्या तंतूंना धरून त्या हिंडतात. पण हा सांगाडा नुसता उभा नसतो. सीसीएल१९ आणि सीसीएल२१ ही द्रव्यं सोडून तो टी-पेशींना आपल्या भागात बोलावतो, इंटरल्युकिन-७ देऊन त्यांना जिवंत ठेवतो. शेजारच्या भागात फॉलिक्युलर डेंड्रिटिक पेशी असतात. त्या सीएक्ससीएल१३ नावाच्या वेगळ्या संदेशाने बी-पेशींना जवळ आणतात, जंतूंचे तुकडे आपल्या अंगावर बराच काळ धरून त्यांना दाखवतात आणि त्यातल्या उत्तम प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशी निवडल्या जायला मदत करतात. घशाला संसर्ग झाला की गळ्याशी गाठ सुजते. तेव्हा हाच सांगाडा आपला ताण सैल करून आत येणाऱ्या पेशींना जागा करून देत असतो. संसर्ग ओसरला की ग्रंथी पुन्हा आक्रसते. आयुष्यभर आपण अनेक आजारांतून उठतो त्यात या पेशींचा मोठा वाटा असतो.

लिम्फोमा हा लिम्फोसाइटचाच कर्करोग असल्यामुळे त्याला ही सगळी व्यवस्था आयती मिळते. आधारपेशींना समोरची बी-पेशी निरोगी आहे की बिघडलेली, हे ओळखायची सोय नाही. बी-पेशीकडून येणारा ओळखीचा संदेश आला की त्या नेहमीचं काम करतात. नंतर बिघडलेल्या पेशींच्या सततच्या संदेशांनी त्याही हळूहळू बदलतात, जास्त संदेश सोडू लागतात, मॅक्रोफेजना बोलावू लागतात. फॉलिक्युलर लिम्फोमात हे नातं फार स्पष्ट दिसतं. त्या आजारातल्या पेशी रुग्णाच्या शरीराबाहेर काढून प्रयोगशाळेत नुसत्या ठेवल्या तर लवकर मरतात. आधारपेशींची किंवा टी-पेशींकडून मिळणाऱ्या इशाऱ्यांची सोबत दिली तर जास्त तगतात. कर्करोग म्हणजे कुणाच्याही मदतीशिवाय फोफावणारी पेशी, ही आपली समजूत लिम्फोमाच्या बाबतीत बरीचशी चुकीची ठरते.

तेव्हा भावाला सांगा: तुझं शरीर तुझ्यावर उलटलेलं नाही. एका पेशीच्या जनुकांत बिघाड झाला आणि बाकीच्या पेशी तिच्या खोट्या निरोपांवर आपलं रोजचं काम करतायत. यात त्याने काही चुकीचं खाल्लं, काही केलं किंवा करायचं राहिलं, असा अर्थ काढायला जागा नाही. माणूस आजारी असताना स्वतःच्याच शरीराचा राग येणं मी समजू शकते. पण पुढचे काही महिने त्याला याच शरीराकडून काम करून घ्यायचं आहे, म्हणून हा गैरसमज लवकर दूर झालेला बरा.

आता तुमचा सरळ प्रश्न, की मग आधारपेशीच का मारत नाहीत? हा विचार संशोधकांनाही आला, करूनही बघितला, आणि त्यातून सावध व्हायला हवं असंच दिसलं. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा या दुसऱ्या प्रकारात २००८ साली एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गाठीतल्या कर्करोगाच्या पेशी सोडून, भोवतालच्या ऊतींच्या जनुकांच्या खुणा वाचल्या होत्या. दोन वेगळे नमुने मिळाले. एकात तंतुमय जाळं आणि मॅक्रोफेजच्या कुळातल्या पेशी भरपूर होत्या, आणि त्या रुग्णांचं पुढे बरं चाललं. दुसऱ्यात नव्या रक्तवाहिन्यांचं प्रमाण जास्त होतं, त्यांचं वाईट. म्हणजे एकाच आजारात आधार देणारी ऊती एका रुग्णाच्या पथ्यावर पडते, तर दुसऱ्याच्या मुळावर येते. सरसकट ‘आधारपेशी वाईट’ म्हणून औषध द्यायचं ठरवलं, तर पहिल्या गटातल्या रुग्णांचं कदाचित नुकसानच होईल.

वाईट वाटणाऱ्या दुसऱ्या नमुन्यावर, म्हणजे रक्तवाहिन्यांवर, नेम धरूनही पाहिला. बेव्हासिझुमॅब हे नव्या रक्तवाहिन्या रोखणारं औषध या लिम्फोमाच्या नेहमीच्या उपचारांना जोडून एक मोठी चाचणी सुरू झाली. हृदयावरचे दुष्परिणाम वाढले, फायदा काही दिसेना, आणि चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. लिम्फोमाबाहेरही हेच दिसलं. स्वादुपिंडाच्या कर्करोगात उंदरांच्या गाठींमधल्या आधारपेशी कमी केल्या, तर कर्करोग आणखी आक्रमक झाला. त्या पेशी काही प्रमाणात त्याला आवरूनही धरत होत्या.

मॅक्रोफेजचं उदाहरण तर मला सगळ्यांत बोलकं वाटतं. २०१० साली हॉजकिनच्या एका अभ्यासात दिसलं की गाठीत मॅक्रोफेज जास्त असलेल्या रुग्णांमध्ये उपचार फसण्याचं प्रमाण जास्त होतं. तुम्ही वाचलेल्या मजकुरात बहुधा याचाच उल्लेख असेल. पुढच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत आणि आजही मॅक्रोफेज मोजून रोजचे उपचार ठरवत नाहीत. पण फॉलिक्युलर लिम्फोमात रिटुक्सिमॅब दिलं जातं. ते औषध कर्करोगाच्या बी-पेशींना चिकटून खूण करतं आणि खूण केलेल्या पेशी गिळण्याचं काम बऱ्याच अंशी मॅक्रोफेजच करतात. पूर्वीच्या केमोच्या काळात ज्या मॅक्रोफेजची गर्दी वाईट लक्षण मानली जायची, ती रिटुक्सिमॅबच्या जोडीने काही अभ्यासांत चांगलं लक्षण ठरली. पेशी त्याच, फक्त मिळणारा निरोप वेगळा. म्हणून या पेशी मारण्यापेक्षा त्यांना मिळणारे निरोप बदलण्यावर आता जास्त भर आहे, आणि मला तोच रस्ता शहाणपणाचा वाटतो.

तुमच्या भावाच्या आजारात तर हा रस्ता प्रयोगशाळेतून बाहेर पडून दवाखान्यात पोहोचलाही आहे. रीड-स्टर्नबर्ग पेशींच्या नवव्या गुणसूत्राच्या एका तुकड्यात बहुतेक वेळा बिघाड असतो. त्यामुळे पीडी-एल१ हे प्रथिन त्या आपल्या अंगावर भरभरून मिरवतात. जवळ आलेल्या टी-पेशीला ते थोपवून धरतं. मॅक्रोफेजही तेच प्रथिन दाखवून त्यात भर घालतात. निव्होलुमॅब हे औषध हा थोपवणारा इशाराच तोडतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अनेक उपचार करूनही आजार परतलेल्या २३ रुग्णांपैकी २० जणांना त्याचा फायदा झाला. २०१६ साली अमेरिकेत ते अशा रुग्णांसाठी मंजूर झालं. पुढे २०२४ मध्ये, तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यातल्या नव्या रुग्णांवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. केमोच्या तीन औषधांसोबत निव्होलुमॅब घेतलेल्यांपैकी दोन वर्षांनी ९२ टक्के रुग्णांचा आजार वाढलेला नव्हता. निव्होलुमॅबऐवजी ब्रेंटुक्सिमॅब हे वेगळं औषध घेतलेल्या दुसऱ्या गटात हे प्रमाण ८३ टक्के होतं.

आता डॉक्टरांबद्दल. त्यांनी आधारपेशींचा उल्लेख केला नाही याचा अर्थ त्यांना ते माहीत नाही, असा धरू नका. पहिल्या भेटीत निदान, टप्पा, औषधं आणि दुष्परिणाम एवढं सांगतानाच वेळ संपतो. शिवाय एबीव्हीडीचा परिणाम या गर्दीवरही होतोच. रीड-स्टर्नबर्ग पेशी मरू लागल्या की संदेश थांबतात आणि जमलेली मंडळी पांगू लागतात. सीसीएल१७ ची रक्तातली पातळी उपचारांनंतर उतरते. कितीतरी रुग्णांची खाज पहिल्या एक-दोन केमोनंतरच कमी होते. सेनापती गेला की फौज पांगते, असं म्हटलं तरी चालेल.

पण विचारायला हवं, आणि नेमकं विचारायला हवं. ‘तुम्ही मायक्रोएन्व्हायर्नमेंटवर, म्हणजे गाठीतल्या भोवतालच्या पेशींवर, उपचार का करत नाही?’ असं विचारलंत तर उत्तरही तसंच मोघम येईल. त्याऐवजी आजार कोणत्या टप्प्यात आहे ते विचारा. त्या टप्प्यासाठी निव्होलुमॅब किंवा ब्रेंटुक्सिमॅब जोडण्याचा विचार केला होता का, आणि केला नसेल तर का नाही, हे विचारा. सुरुवातीच्या टप्प्यात नुसत्या एबीव्हीडीने, कधी सोबत रेडिएशनने, उत्तम निकाल मिळतात, त्यामुळे ‘गरज नाही’ हे उत्तर अगदी योग्य असू शकतं. मधला पेट स्कॅन कधी होणार तेही विचारून घ्या. दोन सायकलनंतर, म्हणजे साधारण दोन महिन्यांनी, तो करतात आणि पुढची औषधं बऱ्याचदा त्यावर ठरतात. तो स्वच्छ आला तर एबीव्हीडीतलं, फुप्फुसांना त्रास देऊ शकणारं ब्लिओमायसिन पुढच्या सायकलींतून वगळता येतं, हे २०१६ च्या एका मोठ्या चाचणीने दाखवलं आहे. तोवर भावाला नवा कोरडा खोकला किंवा धाप लागली, तर पुढच्या भेटीची वाट न बघता कळवा.

दुसरं मत घ्यायचं असेल तर मी त्याच्या बाजूची आहे, पण ते आधी निदानावर घ्या, मग औषधांवर. लिम्फोमाचे काप वाचणं हा वेगळ्या अनुभवाचा विषय आहे. ज्या प्रयोगशाळेत तपासणी झाली तिथून मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड मागता येतात. रक्ताच्या आजारांत तज्ज्ञ असलेल्या पॅथॉलॉजिस्टला त्या दाखवाव्यात. पेशींना रंग देऊन करतात त्या सीडी३० आणि सीडी१५ या चाचण्या अहवालात आहेत का, तेवढं तुम्हीही बघून ठेवा. हे काम काही दिवसांत होतं. त्यासाठी केमो पुढे ढकलावी लागत नाही. केमोआधीचे काही दिवस तसेही पेट स्कॅन, हृदयाची इको आणि फुप्फुसांची तपासणी यात जातात. आणखी एक गोष्ट याच दिवसांत उरकायची आहे. भाऊ २६ वर्षांचा आहे. एबीव्हीडीने वंध्यत्व येण्याचा धोका इतर काही केमोंच्या मानाने कमी असला, तरी पहिल्या केमोआधी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्यावं. घरात हा विषय निघत नाही आणि नंतर चुटपुट लागते. तुम्हीच धीर करून काढा.

बाबांचं ‘प्रतिकारशक्ती वाढवू’ हे म्हणणं प्रेमापोटी आहे, पण गाठीत प्रतिकारपेशींचा तुटवडा कुठेच नाही. त्या ढिगाने आहेत, अडवून ठेवलेल्या आहेत. एखादं चूर्ण किंवा गोळी घेऊन त्यांची संख्या वाढली, तरी अडथळा तसाच राहील. शिवाय एबीव्हीडीतल्या व्हिनब्लास्टिनसारखी औषधं यकृतात मोडतात आणि काही वनौषधी त्यात ढवळाढवळ करू शकतात. त्यामुळे जे काही देतायत किंवा द्यायचं मनात आहे, ते डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका. बाबांना काही करायचंच असेल तर ताप मोजण्याची जबाबदारी द्या. केमोच्या काळात ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर ती तातडीची गोष्ट असते, रात्रीसुद्धा दवाखाना गाठावा लागतो.

‘थांबू या’ हे त्यांनी कदाचित दुसऱ्या एखाद्या रुग्णाबद्दल ऐकलं असेल. फॉलिक्युलर लिम्फोमात त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवून थांबणं हा मान्य आणि चांगला मार्ग आहे, काहींच्या बाबतीत तर अनेक वर्षं. हॉजकिनला तो लागू नाही. लिम्फोमा या एका नावाखाली कितीतरी वेगवेगळे आजार येतात आणि प्रत्येकाचं भोवतालच्या पेशींशी नातं निराळं असतं. एकाचा सल्ला दुसऱ्याला देऊ नये.

अशीच कोडी पडलेल्या इतर वाचकांसाठीही थोडं लिहिते. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या गाठीतून नुसत्या सुईने पेशी काढून तपासल्या असतील आणि लिम्फोमाची शंका असेल, तर शक्यतो पूर्ण गाठ काढून तपासणी करा. सुईत सुट्या पेशी येतात, पण कोण कुणाशेजारी आहे ही मांडणी हरवते, आणि लिम्फोमाचं निदान बरंचसं त्या मांडणीवरच होतं. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियासाठी इब्रुटिनिब सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातल्या लिम्फोसाइटचा आकडा चढला, तर घाबरून गोळी बंद करू नका. ग्रंथीतल्या आधारपेशींशी पेशींची जी पकड असते ती हे औषध सोडवतं, म्हणून त्या रक्तात बाहेर पडतात. त्याच वेळी गाठी मात्र लहान होत असतात. आणि जठराच्या माल्ट लिम्फोमात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडला असेल, तर सुरुवातीच्या टप्प्यात केवळ जंतू मारणाऱ्या प्रतिजैविकांनी बहुतेकांची गाठ विरते. तिथे लिम्फोमा तगून असतो तो जंतूमुळे चेतलेल्या टी-पेशींच्या जिवावर. जंतू गेला की तो आधारच सुटतो. आधार काढून घेऊन कर्करोग हटवण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मला माहीत नाही, पण ते जठराच्या त्या एका आजारापुरतं आहे.

तुम्हाला एका गोष्टीसाठी आत्ताच तयार करून ठेवते, म्हणजे सहा-सात महिन्यांनी झोप उडणार नाही. नोड्युलर स्क्लेरोसिसमध्ये उपचार यशस्वी झाले तरी गाठ पूर्ण नाहीशी होईलच असं नाही. कर्करोगाच्या पेशी गेल्या, तरी फायब्रोब्लास्टनी घातलेले कोलॅजनचे पट्टे मागे राहतात. सीटी स्कॅनच्या अहवालात मग ‘गाठ अजून शिल्लक’ असं येतं आणि घरात पुन्हा रडारड होते. उरलेली गाठ जिवंत आहे की नुसता व्रण, हे पेट स्कॅनवरून ठरवतात. त्याच्या अहवालात डोव्हिल नावाची १ ते ५ अशी श्रेणी असते. सर्वसाधारणपणे १ ते ३ म्हणजे चांगला प्रतिसाद, ४ आणि ५ आले तर पुढे तपास. पण पेटमध्ये कर्करोगाच्या पेशींसारखेच साखर खाणारे मॅक्रोफेजही उजळतात. म्हणून केमो संपल्यावर साधारण सहा ते आठ आठवडे जाऊ देऊन हा स्कॅन करतात, आणि शंका राहिलीच तर पुढच्या उपचाराआधी पुन्हा बायॉप्सी घेतात. निव्होलुमॅब चालू असेल तर गाठ आधी थोडी मोठीही दिसू शकते, कारण सुटलेल्या प्रतिकारपेशी तिथे गोळा होतात.

तुमचं पत्र पुन्हा वाचताना एक गोष्ट खटकली, ती लिहूनच टाकते. त्यात बाबांचं मत आहे, डॉक्टरांचं आहे, इंटरनेटचं आहे आणि तुमचीही ओढाताण आहे. ज्याच्या मानेत गाठ आली त्याला काय हवंय, हे मात्र कुठेच नाही. तो सज्ञान आहे. अहवाल त्याने वाचला आहे का? थांबायचं की नाही हे त्याला कुणी विचारलं का? त्याने तुम्हाला विचारलेल्या प्रश्नात भीती आहे, पण समजून घेण्याची इच्छाही आहे. त्याला हे पत्र वाचायला द्या. पुढच्या भेटीला बाबांनाही सोबत न्या, म्हणजे ‘चांगल्या पेशीं’बद्दलची त्यांची शंका तेच विचारतील आणि उत्तर थेट डॉक्टरांकडून ऐकतील. तुम्ही घरी समजावून जे होणार नाही ते तिथे दहा मिनिटांत होण्याची शक्यता जास्त. पण प्रश्न सुरू करू दे भावाला. तुम्ही वही घेऊन बसा आणि उत्तरं लिहून घ्या. ही भेट याच आठवड्यात मागून घ्या.